गिअरच्या ट्रेलरवर योग्य गिअरची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहाचाकी किंवा दहाचाकी ट्रक अनेक वर्षे चालवून आता ट्रेलरवर बसणाऱ्या मराठवाड्यातील चालकांच्या मनात जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जालन्याच्या रोलिंग मिलमधून सळई भरून निघणारा ट्रेलर असो, वाळूजहून कंटेनर घेऊन न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा असो किंवा लातूरहून सोयाबीनची पेंड वाहणारा असो, हाताने गिअर टाकण्याच्या गाडीवर निर्णय चालकालाच घ्यावा लागतो आणि तो बहुतेक वेळा रस्ता बदलण्यापूर्वी घ्यावा लागतो.

योग्य गिअर म्हणजे नेमका कोणता?

ज्या गिअरमध्ये सध्याच्या वेगाला इंजिन आपल्या ताकदीच्या पट्ट्यात फिरते आणि ॲक्सिलरेटर आणखी थोडा दाबल्यास गाडी ओढ घेते, तो गिअर योग्य समजावा. आपल्याकडील सहा सिलिंडरच्या ट्रेलर-इंजिनांमध्ये ही ताकद, म्हणजे टॉर्क, साधारणपणे मिनिटाला ११०० ते १६०० फेऱ्यांच्या दरम्यान सर्वाधिक असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरवरील हिरवा पट्टा हाच भाग दाखवतो. मात्र हा पट्टा सपाट रस्त्यावर डिझेल वाचवण्याच्या दृष्टीने आखलेला असतो, हे विसरून चालणार नाही. चढावर काटा या पट्ट्याच्या वर ठेवावा लागतो आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेकचा, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाकडूनच गाडी धरण्याच्या सोयीचा, उपयोग व्हावा म्हणून तो आणखी वर न्यावा लागतो. काटा कायम हिरव्यातच हवा, असा हट्ट धरणारा चालक घाटात चुकीच्या गिअरमध्ये सापडतो.

कोणत्या वेगाला कोणता गिअर, याचा काही ठोकताळा आहे का?

आहे, पण तो प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, कारण गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर आणि टायरचा आकार या तिन्हींवर तो अवलंबून असतो. उदाहरणादाखल नऊ गिअरचा असा बॉक्स घेऊ, ज्यात क्रॉलरचे, म्हणजे पहिल्याच्याही खालच्या गिअरचे, गुणोत्तर १२.७३ आणि आठव्या गिअरचे १.०० आहे. मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ४.८ आणि टायरचा घेर सुमारे सव्वातीन मीटर धरला, तर १५०० फेऱ्यांना आठव्या गिअरमध्ये ताशी सुमारे ६१ किलोमीटर, सातव्यात ४५, सहाव्यात ३४, पाचव्यात २४, चौथ्यात १७ ते १८, तिसऱ्यात १३, दुसऱ्यात १०, पहिल्यात ७ आणि क्रॉलरमध्ये ५ किलोमीटरपेक्षा किंचित कमी वेग मिळतो.

आपल्या गाडीचा असा तक्ता सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर एकदा स्वतः करून घ्यावा. प्रत्येक गिअरमध्ये १५०० फेऱ्यांवर काटा स्थिर करायचा आणि वेग शेजारी बसलेल्या क्लीनरकडून लिहून घ्यायचा. हा कागद पाठ झाला की खाली कोणता गिअर बसेल, याचा अंदाज लावत बसावे लागत नाही. वरच्याच उदाहरणात ६० च्या वेगाला आठव्यावरून थेट पाचवा गिअर बसला, तर चाके इंजिनाला ३७०० हून अधिक फेरे फिरवतील. इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर डिझेल रोखू शकतो, चाकांकडून येणारी ही ओढ रोखू शकत नाही. त्यामुळे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळण्यापर्यंत नुकसान होऊ शकते.

वरचा गिअर केव्हा टाकावा?

वर सांगितलेल्या बॉक्समध्ये शेजारच्या दोन गिअरमधील अंतर १.३४ ते १.४४ पट आहे. म्हणजे वरचा गिअर टाकताच फेरे सुमारे एकतृतीयांशाने किंवा एकचतुर्थांशाने उतरतात. १६०० वर गिअर बदलला तर काटा ११५० च्या आसपास येतो आणि इंजिन ताकदीच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला का होईना, पण पट्ट्यातच राहते. हाच बदल १३०० वर केला तर काटा हजाराच्या खाली जातो आणि भरलेली गाडी तेथून धापा टाकतच उचलते. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी असेल तर १४०० पुरेसे आहेत. भरलेल्या गाडीला १६०० पर्यंत जाऊ द्यावे, आणि किंचित चढ असेल तर त्याहूनही पुढे. सहा गिअरच्या जुन्या बॉक्समध्ये पायऱ्या मोठ्या असतात, म्हणून तेथे अधिक फेऱ्यांवर गिअर बदलावा लागतो. सहा गिअरवर हात बसलेल्या चालकाला ही सवय मोडायला काही दिवस जातात.

जागेवरून निघताना कोणता गिअर घ्यावा?

ॲक्सिलरेटरला पाय न लावता, नुसता क्लच हळूहळू सोडल्यावर ज्या गिअरमध्ये गाडी हलते, तो. भरलेल्या ट्रेलरला सपाटीवर सहसा पहिला आणि चढावर क्रॉलर लागतो. रिकामी गाडी दुसऱ्यात निघते. फेरे वाढवून आणि हाफ क्लचवर गाडी तोलून वरच्या गिअरमध्ये निघण्याची जी हौस काही चालकांना असते, तिची किंमत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि कधी कधी प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये चुकवावी लागते. क्रॉलर हा कमीपणाचा गिअर नव्हे.

चढावर गिअर कसा निवडावा?

येथे थोडा हिशेब समजून घेणे फायद्याचे आहे. २०१८ च्या सुधारणेनंतर ट्रॅक्टर-ट्रेलरचे भरलेले एकूण वजन कमाल ५५ टनांपर्यंत मान्य झाले आणि या वर्गातील अनेक घोड्यांना, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाड्यांना, सुमारे ३०० अश्वशक्तीचे इंजिन असते. टाटाच्या ५५३० या क्रमांकातील ५५ आणि ३० हे आकडे हेच सांगतात. ५ टक्के चढावर, म्हणजे २० मीटरमागे एक मीटर उंची गाठताना, एवढी गाडी इंजिनाची जवळजवळ सगळी शक्ती वापरूनही ताशी सुमारे २० किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही. या वेगाला वरच्या तक्त्यात चौथा गिअर येतो. त्यामुळे घाटाच्या तोंडाशी गाडी ५५ च्या वेगाने आठव्या गिअरमध्ये असली, तरी काही मिनिटांत ती चौथ्यात येणार आहे, हे चालकाला आधीच माहीत असले पाहिजे.

चढ सुरू होताच पहिल्यांदा गिअर उतरवताना काटा १३०० च्या आसपास असावा. हजारपर्यंत वाट पाहिल्यास उशीर होतो, आणि त्यामागील कारण साधे आहे. ५ टक्के चढावर क्लच दाबून इंजिन सुटले की ५५ टनांची गाडी दर सेकंदाला ताशी सुमारे २ किलोमीटरने वेग गमावते. गिअर टाकायला २ सेकंद लागले, तर १९ चा वेग १५ वर येतो. अशा वेळी काटा आधीच खाली गेलेला असेल तर टाकलेला गिअरही जड पडतो, पुन्हा खालचा टाकावा लागतो, तेवढ्यात वेग आणखी उतरतो आणि गाडी अखेरीस चढाच्या मध्यावर उभी राहते. बीडहून मांजरसुंबा घाट चढताना भरलेल्या गाड्या अर्ध्या रस्त्यात उभ्या राहिलेल्या दिसतात, त्यांतील काहींच्या मागे बिघाड असतो आणि काहींच्या मागे हा उशीर. तीव्र चढावर म्हणूनच एक गिअर वगळून सरळ दोन खाली येणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

चढाच्या मध्ये थोडा सपाट तुकडा आला की वरचा गिअर टाकण्याचा मोह होतो. पुढचे वळण दिसत नसेल तर तो टाळावा. आहे त्या गिअरमध्ये १८०० फेऱ्यांवर शांतपणे जाणारी गाडी, दोनदा गिअर बदलून अडखळणाऱ्या गाडीपेक्षा माथ्यावर लवकर पोहोचते.

फेरे कमी ठेवून गाडी ओढल्यास डिझेल वाचते, हे खरे आहे का?

सपाटीवर, हलक्या पायाने, ताकदीच्या पट्ट्यात राहून चालवल्यास वाचते. हजाराच्या खाली काटा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा अवस्थेत मात्र वाचत नाही. इंजिन थरथरते, तो हादरा क्लचमधून ॲक्सलपर्यंत पोहोचतो आणि डिझेल नीट न जळल्याने काजळी वाढते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांमध्ये ही काजळी सायलेन्सरमधील फिल्टरमध्ये साठते. मग फिल्टर स्वच्छ करण्यासाठी गाडी जादा डिझेल जाळते आणि वाचवलेले त्यातच जाते.

उतारावर कोणता गिअर घ्यावा?

या प्रश्नाचे उत्तर उतार सुरू होण्यापूर्वी देता आले पाहिजे, कारण भरलेल्या गाडीवर ते नंतर देण्याची संधी सहसा मिळत नाही.

'ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा' असे जुने चालक सांगत आले आहेत. कमी ताकदीच्या जुन्या ट्रकच्या बाबतीत तो नियम उत्तम होता. आजचे इंजिन चढताना जेवढी ओढ देते, तेवढे ते उतरताना धरून ठेवत नाही. टर्बोच्या बळावर ते पूर्वीच्या मानाने वरच्या गिअरमध्ये घाट चढून जाते, परंतु उतारावर त्याच्याकडे केवळ स्वतःचे घर्षण आणि एक्झॉस्ट ब्रेक एवढेच असते. म्हणून भरलेल्या ट्रेलरसाठी चढण्याच्या गिअरपेक्षा एक गिअर खाली, असा बदल त्या नियमात करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एवढी सावधगिरी कशासाठी, हे आकड्यांतून कळते. ५ टक्के उतारावर ५५ टनांची गाडी ताशी २५ किलोमीटरवर स्थिर ठेवण्यासाठी सुमारे २१० अश्वशक्ती इतकी ऊर्जा सतत शोषून घ्यावी लागते. तोच वेग ६० ठेवला तर ती ५०० अश्वशक्तीवर जाते. इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक त्यातील मर्यादित वाटाच उचलतात; उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतात, लायनिंगची पकड कमी होते, करपल्याचा वास येतो आणि पॅडल दाबूनही गाडी धरत नाही. हवेचा दाब मीटरवर पूर्ण दिसत असतानाही हे घडते, म्हणून हवेच्या मीटरकडे पाहून निर्धास्त राहू नये.

प्रत्यक्षात करायचे ते असे. माथ्यावर, उतार सुरू होण्यापूर्वीच्या सपाट भागात वेग कमी करावा, गिअर उतरवावा आणि एक्झॉस्ट ब्रेक चालू करावा. एक्झॉस्ट ब्रेक जास्त फेऱ्यांवर अधिक धरतो, म्हणून काटा १८०० ते २२०० च्या दरम्यान राहील असा गिअर असावा. लाल पट्ट्यात मात्र तो कधीही जाऊ देऊ नये. वेग ठरवलेल्या मर्यादेला पोहोचला की ब्रेक एकदा ठामपणे दाबून तो ताशी ८ ते १० किलोमीटरने खाली आणावा आणि पाय पूर्ण काढावा. ब्रेकवर पाय सतत हलका ठेवून उतरण्यापेक्षा या पद्धतीत ड्रमला मधल्या काळात उसंत मिळते. ब्रेक वारंवार दाबावा लागत असेल, तर गिअर एकाने वरचा निवडला गेला आहे, असे समजावे.

अजिंठ्याहून फर्दापूरकडे उतरणाऱ्या घाटात वळणे आणि पर्यटकांची वाहने यांचीही त्यात भर पडते. कन्नड-चाळीसगाव दरम्यानच्या औट्रम घाटात २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी घालण्यात आली. धुळ्याच्या दिशेने माल नेताना मार्ग निघण्यापूर्वीच ठरवावा.

उतारावर गिअर बदलताना तो पडलाच नाही, तर काय करावे?

गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटली आहे आणि प्रत्येक सेकंदाला वेग वाढतो आहे, त्यामुळे खालचा गिअर शोधत बसण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. वेग वाढल्यावर तो बसण्याची शक्यता कमीच होत जाते. एकदा, फार तर, आधीचा वरचा गिअर परत टाकून पाहावा. तो पडला तर निदान इंजिनाची काही धर मिळते. नाही पडला तर ब्रेक थंड आहेत तोवर ते ठामपणे दाबून गाडी कडेला पूर्ण थांबवावी, पार्किंग ब्रेक लावावा, धोक्याचे दिवे चालू करावेत आणि योग्य गिअर टाकून पुन्हा निघावे. ब्रेक तुटक-तुटक मारत तसेच खाली जाणे हा यातील सर्वांत वाईट पर्याय आहे.

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवता येते का?

नाही. आजच्या इंजिनांमध्ये गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल सोडणेच थांबवतात आणि इंजिन चाकांच्या ओढीवर फिरत राहते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवण्यासाठी डिझेल जाळावेच लागते. म्हणजे धोका पत्करून खर्चही वाढतो.

लो आणि हाय रेंज बदलताना कोणती काळजी घ्यावी?

नऊ गिअरच्या बॉक्समध्ये एक ते चार लो रेंजमध्ये आणि पाच ते आठ हाय रेंजमध्ये असतात. काही गाड्यांत रेंजसाठी लिव्हरच्या मुठीवर बटण असते, तर काहींत लिव्हर बाजूला ढकलावा लागतो. बटणाच्या गाडीत ते आधी सरकवावे आणि मग लिव्हर न्यूट्रलमधून नेताना क्षणभर थांबावे, म्हणजे हवेच्या दाबाने रेंज बदलायला वेळ मिळतो. पाचव्यावरून चौथा टाकताना वेग पुरेसा उतरला आहे याची खात्री करावी. वेगात असताना लो रेंज लादल्यास तिची सिंक्रो रिंग, म्हणजे फेरे जुळवणारी कडी, खराब होते. रेंज हवेवर चालते, त्यामुळे सकाळी गाडी सुरू केल्यावर दाब भरण्यापूर्वी घाई करू नये.

अमेरिकन चालकांच्या व्हिडिओत क्लच न दाबता गिअर टाकलेले दिसतात. तसे करावे का?

आपल्या गाड्यांवर करू नये. तेथील ईटन फुलरच्या १०, १३ आणि १८ गिअरच्या बॉक्सच्या मुख्य भागात सिंक्रो रिंग नसतात. फेरे हाताने जुळवल्याशिवाय तेथे गिअर पडतच नाही, म्हणून चालक क्लच दोनदा दाबतात किंवा फेरे अचूक जुळवून क्लचशिवायच गिअर सरकवतात. आपल्याकडील बहुतेक ट्रेलरमध्ये ते जुळवण्याचे काम सिंक्रो रिंग करतात, आणि क्लच न दाबता लिव्हर रेटल्यास सगळा भार त्यांच्यावर येतो. डबल क्लचची जुनी सवय असलेल्या चालकाने ती मोडलीच पाहिजे असे नाही. घाटात खालचा गिअर टाकताना न्यूट्रलमध्ये किंचित फेरे दिल्यास बॉक्सला मदतच होते.

एसी केबिनमध्ये इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही. गिअर कसा ठरवावा?

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झाला आहे आणि मराठवाड्यातील मे महिना पाहता ते योग्यच झाले. आवाजावर गिअर टाकणाऱ्या चालकाला मात्र आता टॅकोमीटर पाहण्याची सवय करावी लागेल. सीटमधून जाणवणारी थरथर हीदेखील खूण आहेच.

गतिरोधक, रेल्वे फाटक आणि उसाच्या गाड्या यांच्यासाठी काय करावे?

गतिरोधकाकडे ब्रेकने वेग उतरवत असताना सातवा, सहावा असे प्रत्येक गिअर टाकत बसण्याची गरज नाही. ज्या वेगाने तो ओलांडायचा आहे, त्या वेगाचा गिअर एकदाच टाकावा. रेल्वे फाटकाच्या आधी खालचा गिअर टाकून घ्यावा आणि शेवटचे चाक रुळांपलीकडे जाईपर्यंत तो बदलू नये. रुळांवर चुकलेला गिअर सावरायला वेळ नसतो.

गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर ताशी १५ ते २० किलोमीटरने चाललेले असतात, रात्री कित्येकांना मागे दिवाही नसतो. त्यांच्यामागे वरच्या गिअरमध्ये रखडत राहून मग एकदम ओव्हरटेक करायला जाऊ नये. आधी गिअर उतरवून काटा १५०० वर आणावा, समोर मोकळा रस्ता पुरेसा लांब दिसला तरच बाहेर पडावे. एकदा बाहेर पडल्यावर त्याच गिअरमध्ये पूर्ण पुढे जावे.

काळ्या मातीत किंवा चिखलाच्या आवारात गाडी कशी न्यावी?

पावसाळ्यात काळी माती चाक गिळते. पक्की जागा सोडण्यापूर्वीच एक गिअर ठरवावा, सहसा पहिला किंवा दुसरा, आणि पुन्हा पक्क्या जागेवर येईपर्यंत तोच ठेवावा. मध्ये क्लच दाबला की गाडी जागीच बसते. डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरवणारी सोय, असेल तर तो गाडी उभी असताना लावावा, चाके गरगर फिरत असताना नव्हे. येथे सर्वांत खालचा गिअर उत्तम ठरेलच असे नाही, कारण क्रॉलरच्या जोराने चाके जागच्या जागी फिरून खड्डा करतात.

रिकामा ट्रेलर ओल्या रस्त्यावर असेल तर काही वेगळे करावे लागते का?

होय. रिकाम्या गाडीत घोड्याच्या मागच्या चाकांवर वजन कमी असते. ओल्या रस्त्यावर घाईने खालचा गिअर टाकून क्लच झटकन सोडला किंवा एक्झॉस्ट ब्रेक लावला, तर हीच चाके घसरतात आणि मागचा ट्रेलर घोड्याला ढकलून गाडी मधोमध दुमडते. पावसात रिकामी गाडी असताना एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवावा, गिअर लवकर आणि एकेक करून उतरवावा आणि क्लच सावकाश सोडावा.

समृद्धी महामार्गावर शेवटच्या गिअरमध्येच राहावे का?

बहुतेक वेळ होय. तेथे मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, पण वरच्या उदाहरणातील गाडीला ८० ला जवळजवळ २००० फेरे लागतात आणि ६० ला १५००. मालाची घाई नसेल तर वेग ६० ते ६५ ठेवावा. डिझेलच्या ॲव्हरेजमध्ये फरक दिसतो.

उन्हाळ्यात चढावर इंजिन तापते. गिअरचा त्याच्याशी संबंध आहे का?

आहे. फेरे कमी आणि भार जास्त असताना पाण्याचा पंप सावकाश फिरतो, पंख्यालाही फेरे कमी मिळतात, आणि उष्णता मात्र पूर्ण निर्माण होते. एक गिअर खाली टाकून फेरे वाढवल्यास आणि ॲक्सिलरेटर थोडा सोडल्यास तापमानाचा काटा अनेकदा खाली येतो. तरीही तो चढत राहिला तर थांबावे आणि इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटे न्यूट्रलमध्ये चालू ठेवावे.

गाडी उभी करताना गिअरमध्ये ठेवावी का?

पार्किंग ब्रेक हाच मुख्य आधार आहे. इंजिन बंद केल्यावर चढाकडे तोंड असेल तर पहिला आणि उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स गिअर टाकून ठेवावा. भरलेल्या गाडीला उतारावर चाकाखाली लाकडी ठोकळाही लावावा. पुन्हा सुरू करण्यापूर्वी क्लच दाबून लिव्हर न्यूट्रलमध्ये आहे, हे हलवून पाहावे. ठोकळ्याऐवजी दगड लावला असेल, तर निघताना क्लीनरने तो उचलून रस्त्याच्या पार कडेला टाकावा, कारण रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसत नाही.